हौदाकाठी बसलेला माणूस

"गावं बांधून देतो, पण राहायला मिळणार नाहीत," असं ते नव्या माणसाला सांगायचे आणि त्याचा गोंधळलेला चेहरा बघून मनातल्या मनात खूश व्हायचे. संग्रहालयांसाठी जुन्या शहरांच्या, बंदरांच्या, कारखान्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवणं हा त्यांचा पस्तीस वर्षांचा धंदा. बायको त्याला भातुकली म्हणायची, तिचं ऐकून गल्लीही म्हणायला लागली, आणि होता होता ते सगळ्यांचेच भातुकलीवाले झाले. त्यांनीही मनाला लावून घेतलं नाही. कारखान्याच्या दारावर पाटी नव्हती, पण कुणीही विचारलं की लोक बोट दाखवायचे.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. वर काचेची कौलं, खाली दहा फूट बाय सहा फुटांचं टेबल, आणि भिंतीला लागून डब्यांची रांग. दंतवैद्याकडून मागून आणलेल्या जुन्या सळया, सुया, चिमटे, तीन केसांचे कुंचले. कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग खाली ओढलं की भातुकलीवाल्यांना जगाचा विसर पडायचा.

त्या वर्षी संग्रहालयाने मोठं काम दिलं. नव्या दालनाच्या तोंडाशी एक प्राचीन नगर उभं करायचं होतं, साडेचार हजार वर्षांपूर्वी नदीच्या खोऱ्यात वसलेलं. दालनाचा विषय होता हिंदू आणि बौद्ध धर्मांची मुळं. माणूस आत आला की आधी हे नगर बघणार, मग डावीकडच्या दारातून गेला तर वेद, यज्ञ, देवळं, आणि उजवीकडच्या दारातून गेला तर बुद्ध, विहार, स्तूप. नगर बरोबर फाट्यावर.

"मुदत आठ महिने," संचालक म्हणाले. "आणि कुणाला दुखवू नका."

"चार सेंटिमीटरच्या माणसांनी कोण दुखावणार?" भातुकलीवाले हसत म्हणाले. संचालक मात्र हसले नाहीत.

अडचण वेगळीच होती. रंगकाम करणारा त्यांचा जुना जोडीदार मुलाकडे राहायला दूर निघून गेला होता. एकट्याने हजारो विटा पाडायच्या म्हणजे डोळ्यांचं मातेरं. ही रड त्यांनी फोनवर लेकीला ऐकवली, तर ती म्हणाली, "बाबा, माझे सासरे न्या."

"न्या म्हणजे?"

"न्या म्हणजे न्या. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस आहे. घरी बसल्यापासून चांगल्या धडधाकट भिंती खरवडून पुन्हा गिलावा करतायत. आमच्या खोलीची रुंदी दर महिन्याला कमी होतेय."

भातुकलीवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. व्याह्यांशी त्यांचं भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. यांचं घर हिंदू, त्यांचं बौद्ध. मुलांनी लग्न ठरवलं तेव्हा लग्न कुठल्या पद्धतीने लावायचं यावर तीन महिने घोळ चालला. शेवटी मुलं कंटाळली आणि नोंदणी कार्यालयात जाऊन दहा मिनिटांत मोकळी झाली. दोन्ही बापांनी खाली सह्या केल्या त्या अशा चेहऱ्याने, की जणू कुणाच्या तरी जमिनीच्या कागदावर साक्षीला आलेत. त्याला तीन वर्षं झाली. भेट झाली की "बरं आहे ना?" आणि "तुमचं?" एवढ्यावर गाडी थांबायची.

पण काम डोक्यावर होतं. आणि लेकीने बापाचं उत्तर यायच्या आधीच सासऱ्यांना सांगूनही टाकलं होतं.

सोमवारी सकाळी व्याही आले. उंच, वाळके, पांढरा स्वच्छ सदरा, हातात जेवणाचा डबा आणि खिशात भिंतीचा सरळपणा तपासायचा ओळंबा. ओळंबा बघून भातुकलीवाल्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. व्याह्यांनी टेबलाभोवती एक चक्कर मारली, तयार झालेल्या एका भिंतीपाशी वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"ही कुणी बांधली?"

"मी."

"पडेल."

"साडेतीन इंचाची भिंत कुठे पडते?"

"सांधे एकावर एक आलेत," व्याही शांतपणे म्हणाले. "वरच्या विटेने खालचा सांधा झाकायला पाहिजे. त्यांनी अशी बांधली नसणार."

भातुकलीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी तिरीमिरीत उत्खननाच्या फोटोंचा गठ्ठा काढून व्याह्यांपुढे टाकला. व्याही फोटो बघत गेले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. एक थर आडव्या विटांचा, एक उभ्या विटांचा. सांध्यावर सांधा कुठेही नाही. वीट सगळीकडे एकाच मापाची, उंचीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी. मोठ्या हौदाच्या भिंतीत तर पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर होता.

"डांबर!" व्याही ओरडलेच. "न्हाणीघराच्या गळतीला मी आयुष्यभर हेच सांगत आलो, आणि लोक मला जुन्या वळणाचा म्हणायचे!"

"म्हणजे बरोबरच म्हणायचे," भातुकलीवाले म्हणाले. "साडेचार हजार वर्षं जुन्या वळणाचे."

व्याही हसले. भातुकलीवाल्यांनी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

साडेतीन इंचाची ती भिंत त्याच दिवशी पाडली. त्यानंतर चार महिने दोघे शेजारी शेजारी बसले. घरांच्या भिंती सुईने कोरल्या, पण हौद मात्र एकेक वीट पाडून बांधायचा असा व्याह्यांनी हट्ट धरला. सात मिलिमीटर लांब, साडेतीन रुंद. चिमट्याने उचलायची, सरसात बुडवायची, बसवायची. व्याह्यांची जाडजूड बोटं त्या चिमट्यावर इतकी हलकी पडायची की भातुकलीवाले आपलं काम सोडून बघत राहायचे. हौदाच्या कोपऱ्यातली मोरीही व्याह्यांनी उतार काढून बांधली, आणि एके दुपारी दोघांनी औषधाच्या नळीने हौदात पाणी सोडून पाहिलं. पाणी क्षणभर थबकलं आणि मग सुळकन मोरीतून बाहेर पडून टेबलाखालच्या वाटीत गेलं.

"जमलं," व्याही म्हणाले, आणि त्यांनी भातुकलीवाल्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की भिंग निसटून नाकावर आलं.

मग माणसं बसवायची वेळ आली आणि जाणकार मंडळी येऊ लागली. संग्रहालयाने दोन सल्लागार नेमले होते. एक वेदांचे सर, भारदस्त आणि आवाजाने खोली भरून टाकणारे. दुसऱ्या पालीच्या बाई, जुन्या बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासक, बारीक आवाजाच्या, पण एकदा धरलं की न सोडणाऱ्या. वाद एकाच माणसावरून होता. त्या खोऱ्यात एक छोटा दगडी शिक्का सापडला होता. त्यावर मांडी घालून ताठ बसलेली एक आकृती कोरलेली. दुसऱ्या काही शिक्क्यांवर आणि मडक्यांवर पिंपळाचं पान. संचालकांना वाटलं, हौदाकाठी एक पिंपळ दाखवावा आणि त्याखाली असा एक माणूस बसवावा.

"तो आपल्या देवाचं पहिलं रूप आहे," सर म्हणाले. "त्याचं तोंड डावीकडच्या दाराकडे हवं."

"देव आहे हे कुणी सांगितलं?" बाई म्हणाल्या. "घरदार सोडून ध्यानाला बसणारी माणसं बुद्धाच्याही आधी होती. तो त्यातला पहिला असेल. तोंड उजवीकडे करा."

सर गेल्यावर बाई परत आल्या, बाई गेल्यावर सरांचा फोन आला. भातुकलीवाल्यांनी कपाळाला हात लावला, माणूस बनवून टाचणीवर बसवला आणि सध्यापुरतं त्याचं तोंड खिडकीकडे करून ठेवलं.

पण मन मोठं लबाड असतं. भातुकलीवाले रोज सकाळी देवापुढे बसणारे. त्यांचे वडील बसायचे, आजोबा बसायचे. संध्याकाळी व्याही घरी गेले, खोलीत कुणी नव्हतं, आणि तीन केसांचा कुंचला हातातच होता. त्यांनी भिंग खाली ओढलं आणि त्या माणसाच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले. मुंगीच्या मिशीएवढे. कुणाला दिसतायत?

व्याह्यांना दिसले. दुसऱ्या दिवशी ते भिंग लावून पिंपळाची पानं चिकटवत होते, आणि मध्येच त्यांचा चिमटा थांबला. दुपारी डबा घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन जेवले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. भातुकलीवाल्यांनी दोनदा हवापाण्याचा विषय काढला, दोन्ही वेळा "हं" एवढंच उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी व्याही आलेच नाहीत. आला तो लेकीचा फोन.

"बाबा, काय केलंत तुम्ही?"

"मी? काही नाही."

"मग सासरे सकाळपासून मागच्या भिंतीचा गिलावा का काढतायत?"

फोन ठेवून भातुकलीवाले टेबलापाशी आले. चार महिन्यांत त्यांना व्याह्यांची सवय झाली होती, हे त्यांना रिकाम्या स्टुलाकडे बघून कळलं. पट्टे पुसून टाकावेत म्हणून त्यांनी तो बसलेला माणूस टाचणीवरून उचलला, बोटात धरून उलटा केला, आणि भिंगातून त्यांना दिसलं की बैठकीच्या खाली काहीतरी कोरलंय.

एक चाक होतं. सुईच्या टोकाने, अगदी रेखीव. त्यांनी आरे मोजले. आठ. धम्मचक्राला असतात तेवढेच, एकही कमी नाही.

भातुकलीवाले स्टुलावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी तो माणूस काड्यापेटीत कापूस घालून ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि बस धरून व्याह्यांच्या घरी गेले.

व्याही मागच्या अंगणात भिंतीपाशी उकिडवे बसले होते. सगळ्या अंगावर चुना. भातुकलीवाल्यांनी काड्यापेटी उघडून पुढे केली.

"हे काय आहे?"

व्याह्यांनी बघितलं. कान लाल झाले. "चाक आहे."

"गाडीचं?"

"नाही."

"मला वाटलंच. गाडीच्या चाकाला कुणी एवढी मेहनत घेत नाही."

"ते तुमच्या पट्ट्यांच्या आधीचं आहे," व्याही घाईने म्हणाले.

"म्हणजे सुरुवात तुम्ही केलीत!"

"पण ते खाली होतं. कुणाला दिसणार होतं?"

"कुणाला दिसणार नव्हतं तर कोरलंत कशाला?"

"माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून."

"मग माझंही तेच," भातुकलीवाले म्हणाले आणि शेजारी विटांच्या ढिगावर बसले.

व्याह्यांनी थापी धुतली, हात धुतले, आणि पाठमोरेच बोलले, "पट्ट्यांचा राग नव्हता आला मला. खरं सांगू? मी ते चाक कोरलं तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं. तळाशी, अंधारात. मग तुमचे पट्टे बघितले, कपाळावर, उजेडात. वाटलं, यांना किती सहज जमतं. मी आपला पोटाखाली लपवतोय."

भातुकलीवाल्यांना हे कधी सुचलंच नव्हतं. लग्नाच्या वेळच्या त्या तीन महिन्यांत आपण किती मोठ्या आवाजात बोलत होतो आणि हा माणूस किती कमी बोलला होता, ते त्यांना आत्ता आठवलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "पट्ट्यांचंही, आणि त्याआधीचंही."

"माझंही चुकलं," व्याही म्हणाले. "मोजलेत का आरे?"

"मोजले. आठ आहेत. हात चांगला आहे तुमचा."

लेक दारात उभी होती. ती आत गेली आणि दोन कप चहा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी तो माणूस मोडला आणि नवा करायला घेतला. भातुकलीवाल्यांनी तारेवर माती चढवून आकार दिला. व्याह्यांनी मान हलवली.

"पाठ चुकलीय. हा आत्ताच बसल्यासारखा दिसतोय. जो बराच वेळ बसतो त्याची पाठ अशी ताणलेली नसते."

"तुम्हाला काय माहीत?"

"वीस वर्षं रोज सकाळी ध्यानाला बसतोय. थांबा, दाखवतो."

त्यांनी जमिनीवर पोतं अंथरलं, मांडी घातली आणि डोळे मिटले. भातुकलीवाले बघत राहिले. खांदे सैल, हनुवटी किंचित आत, हात मांडीवर टाकून दिलेले. वडील देवापुढे बसायचे ते असेच. अगदी असेच.

"आम्हीही असंच बसतो की," ते म्हणाले.

"बसा मग. बघू दे."

भातुकलीवाले बसले. गुडघे असे कडाडले की व्याह्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "भिंत पडली का?" हसू दाबत दोघे बसून राहिले. हळूहळू हसू विरलं. वरच्या काचेच्या कौलांतून उन्हाचा एक पट्टा खाली आला होता, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि भातुकलीवाल्यांना वाटलं, उठायची तशी काही घाई नाही.

नेमके त्याच वेळी सर आणि बाई एकत्र आले. दार उघडंच होतं. आत दोन म्हातारे पोत्यावर डोळे मिटून बसलेले बघून दोघंही उंबऱ्यातच थबकले.

"काम चाललंय," डोळे उघडून भातुकलीवाले गंभीरपणे म्हणाले. "पाठीचं माप घेत होतो."

बाईंना हसू आवरेना. सर स्टुलावर बसले. भातुकलीवाल्यांनी धीर करून विचारलं, "तुम्ही दोघं एवढे शिकलेले. मला एकदा सोपं करून सांगा. हा बसलेला माणूस नक्की कुणाचा?"

सरांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी सरांकडे. मग सरांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "खरं सांगायचं तर ठामपणे कुणालाच माहीत नाही. त्यांची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. आमची सूक्तं या नगरांच्या बरीच नंतरची."

"आणि बुद्ध साधारण दोन हजार वर्षं नंतरचा," बाई म्हणाल्या. "तोही दुसऱ्याच नदीच्या खोऱ्यात. तिथे मात्र दोन्ही वाटा शेजारी शेजारी वाढल्या. कर्म, ध्यान, मुक्ती, शब्द पुष्कळसे एकच. अर्थावरून भांडणं. एकमेकांना खोडायचं, एकमेकांकडून घ्यायचं, शेकडो वर्षं."

"म्हणजे व्याहीच की," व्याही म्हणाले.

सर मोठ्याने हसले. मग म्हणाले, "पण तोंड कुठल्या दाराकडे, ते राहिलंच."

"त्याला दारं माहीतच नव्हती," व्याही म्हणाले. "दालन आपण बांधलंय. तो हौदाकाठी बसलाय तर पाण्याकडे बघेल ना?"

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. सरांनी त्यात एक शब्द बदलला, बाईंनी तो परत बदलला. शेवटी दोघांच्या सहीचा फलक तयार झाला: "हा माणूस कोण, कशासाठी बसला आहे, हे आपल्याला माहीत नाही. त्याच्यासारखं बसणं पुढे अनेकांनी चालू ठेवलं." संचालकांनी तो तीनदा वाचला, दुखावण्यासारखं काही सापडलं नाही तेव्हा सुस्कारा सोडला.

दालन उघडलं त्या दिवशी दोन्ही घरं झाडून आली होती. टेबलाभोवती गर्दी. घागरी घेतलेल्या बाया, बैलगाडीवाला, जिन्यावरून म्हाताऱ्या आईला धरून हौदात उतरवणारा माणूस, आणि पिंपळाखाली तो, उघड्या कपाळाचा, पाण्याकडे बघत बसलेला. व्याही हौदाच्या बाजूला उभे राहून ज्याला त्याला सांध्यांबद्दल सांगत होते. एका गृहस्थांना त्यांनी एवढं सांगितलं, की त्यांनी घराच्या गळतीसाठी पत्ता मागून घेतला. भातुकलीवाले जरा लांब उभे होते. लोक डावीकडे जात होते, उजवीकडे जात होते, काही एकीकडून जाऊन दुसरीकडून परत येत होते. त्यांना फार बरं वाटत होतं. बायको जवळ येऊन म्हणाली, "छान झालीय हो तुमची भातुकली," आणि तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

निघताना संचालकांनी दोघांना गाठलं. पुढच्या दालनासाठी दुसरी प्रतिकृती हवी होती, नंतरच्या काळातली. एक नदीकाठ, एक विहार, एक देऊळ. "दोघांनी मिळून कराल?"

दोघेही एकदम "हो" म्हणाले आणि बसथांब्यावर पोचेपर्यंत त्यांची जुंपली होती.

"विहार वरच्या अंगाला पाहिजे. त्यांना शांतता लागते."

"आणि देवळात काय बाजार भरतो? देऊळ वर. आंघोळीला स्वच्छ पाणी नको?"

"म्हणजे तुमच्या आंघोळीचं पाणी आमच्या लोकांनी प्यायचं?"

"मोरी बांधा ना तुम्ही! एवढे गवंडी आहात!"

"बांधतो. पण उतार मी ठरवणार."

मागून येणारी लेक आईच्या कानाशी लागली. "आई, यांना बसमध्ये वेगवेगळं बसवायचं का?"

"अजिबात नको," आई म्हणाली. "तीन वर्षांनी कुठे मोकळेपणाने भांडायला लागलेत."